खंडेनवमीचं कुंकू

2025 चा दसरा 2 ऑक्टोबरला आला. त्या दिवशी गांधी जयंतीची सुट्टी, त्यात दीक्षाभूमीसाठी गावोगावहून आलेल्या माणसांनी शहर भरलेलं, म्हणून आमच्या कारखान्यातली पूजा आदल्या दिवशी, खंडेनवमीलाच झाली. हिंगणा एमआयडीसीत ही पूजा मनापासून होते. दोन दिवस आधीपासून मशिनी पुसायला चिंध्यांचे गठ्ठे निघतात, केरोसीनचा वास शॉपभर पसरतो, बर्डीच्या फूल मार्केटातून झेंडूची पोती येतात. ताट आधी टूलरूममध्ये जातं, मग प्रेस शॉप, कॉम्प्रेसर, जनरेटर, फोर्कलिफ्ट, गेटजवळचा वजनकाटा आणि शेवटी ऑफिस. ऑफिसातलं ताट गेली 22 वर्षं माझ्या हातात असतं, कारण कारखान्यातले कॉम्प्युटर माझ्याकडे.

प्रत्येक कॅबिनेटला पॉवरच्या बटणावर एक बोट हळद, एक बोट कुंकू, वर एक फूल. कोणी हात जोडतं, कोणी घाईने टेबलावरची धूळ झटकतं. त्या दिवशी मी 86 कॅबिनेटांना कुंकू लावलं. त्यांतल्या 47 ची यादी महिनाभरापासून माझ्या खणात होती. बरोबर 13 दिवसांनी ते 47 कॉम्प्युटर बाद धरले जाणार होते, आणि हे फक्त मला, साहेबांना आणि अकाउंट्सला ठाऊक होतं. डिस्पॅचच्या काकांनी आपल्या कॉम्प्युटरवरचं फूल सरळ करत विचारलं, "ताई, याले किती वर्षं झाले वो?"

"आठ झाली काका."

"एक दिवस दगा नाई दिला यानं," ते म्हणाले.

मी काही न बोलता ताट घेऊन पुढच्या टेबलाकडे गेले. त्यांना तेव्हाच सांगायला हवं होतं, असं अजूनही वाटतं.

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला. 29 जुलै 2015 ला आलेली ही प्रणाली, म्हणजे दहा वर्षं अडीच महिने. मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या 2016 आणि 2019 या दोन्ही आवृत्त्यांचा सपोर्टही त्याच दिवशी संपला, त्यामुळे ज्यांच्या कॉम्प्युटरात दोन्ही जुनं होतं त्यांच्यावर एकाच दिवशी दोन घाव. सपोर्ट संपला म्हणून कॉम्प्युटर बंद पडत नाही, हे लोकांना समजावता समजावता माझा घसा बसला. 15 तारखेलाही तो नेहमीसारखाच सुरू होतो. फक्त त्यानंतर त्याच्यात सापडणारी भोकं कोणी पॅच पाठवून बुजवत नाही, आणि नेटला जोडलेल्या मशीनवर भोक उघडं ठेवणं म्हणजे रात्री गोदामाचं शटर अर्धं वर ठेवून घरी जाणं.

मग नव्या विंडोज 11 वर का नाही गेलो? त्यासाठी कॉम्प्युटरात टीपीएम 2.0 नावाची सुरक्षेची सोय लागते, सिक्युअर बूट लागतं, आणि प्रोसेसर ठरलेल्या यादीतला असावा लागतो. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. आमच्या 47 पैकी 34 सातव्या पिढीचे. 1 जुलै 2017 ला जीएसटी लागू झाला, त्याच्या तोंडावर आम्ही ते घेतले होते. डेस्कटॉपची आठवी पिढी बाजारात आली त्याच वर्षी ऑक्टोबरात. तीन-चार महिन्यांचा फरक. मी सप्टेंबरभर एकेक कॉम्प्युटर उघडून पाहिला. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, जाऊन पीटीटी नावाचा पर्याय चालू केला की बहुतेकांत टीपीएम 2.0 दिसायचं. म्हणजे सुरक्षेची सोय आत होती, वेगही पुरेसा होता, यादीत नाव तेवढं नव्हतं. रेशनच्या यादीतून नाव गळालेल्या माणसाला दुकानात पोतं समोर दिसत असूनही रिकामी पिशवी घेऊन परतावं लागतं, तसं वाटायचं मला त्या बायोसच्या निळ्या पडद्याकडे बघताना.

या मशिनींसाठी मी काय काय केलं, ते मला माहीत आहे. 2019 मध्ये सगळ्यांच्या जुन्या हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकल्या, रॅम 4 ची 8 जीबी केली. तीन मिनिटं घेणारे कॉम्प्युटर वीस सेकंदांत उघडायला लागले, आणि अकाउंट्समधल्या पोरींनी त्या दिवशी मला तर्री पोहे खाऊ घातले. नागपूरचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. मे महिन्यात पारा 45 च्या वर, शेड तापलेलं, बाजूला कूलर ओली हवा फेकतोय आणि ती हवा प्रेस शॉपची धूळ घेऊन सरळ कॅबिनेटात शिरतेय. त्या ओलसर धुळीचा पंख्यावर असा थर बसतो की नखाने खरवडावा लागतो. म्हणून दरवर्षी गुढीपाडवा झाला की आम्ही सगळे कॅबिनेट मागच्या अंगणात नेऊन उघडायचो, कॉम्प्रेसरच्या हवेने साफ करायचो, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट पुसून नवी लावायचो. हवा मारताना पंख्याच्या पात्यात पेन्सिल अडकवायची, नाहीतर पंखा गरगर फिरून बेअरिंग जातं. हे मी एका पोराला शिकवलं, त्याने दुसऱ्याला. आठ उन्हाळे या मशिनींनी असे काढले. आत वीज पुरवणारे एसएमपीएस गेले ते बदलले, बायोसची बॅटरी गेली ती बदलली. त्यांना नागपूरच्या उन्हाने काही केलं नाही.

टूलरूममध्ये एक एचएमटीची लेथ आहे, 1984 साली घेतलेली. मी कॉलेजातही नव्हते तेव्हापासून ती फिरतेय. तिच्या बेडवर मधोमध थोडी झीज आहे, आणि आमच्या टूलरूमच्या मिस्त्रींना ती किती आहे, कुठे आहे, हे बोटाला कळतं. कुठे किती कट कमी घ्यायचा ते त्यांच्या मनगटात बसलंय. तेल घाला, बेल्ट बदला, गिब घट्ट करा, चालतेय. मी त्यांना नव्या कॉम्प्युटरच्या खर्चाबद्दल बोलले तेव्हा त्यांनी सरळ प्रश्न केला, "बिघडलं काय त्याच्यात?" मी म्हटलं, काही नाही. "मग बदलून काहून राह्यले?" याचं उत्तर मी त्यांना दिलं, पाच मिनिटं दिलं, सुरक्षा, पॅच, यादी, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पुन्हा जॉबकडे वळले. त्यांच्या जगात यंत्र झिजतं, मोडतं, दुरुस्त होतं. मागणी आटली म्हणून बाजूला पडलेली मशीनही त्यांनी पाहिली आहे. पण धडधाकट यंत्र, ज्यावर आज सकाळीही काम झालं, ते दूर कुठे तरी ठरलेल्या एका तारखेने संपतं, ही गोष्ट त्या टूलरूममध्ये कुठे ठेवावी ते मलाही कळलं नाही.

आता डिस्पॅचच्या काकांबद्दल.

काका 26 वर्षं वजनकाट्याच्या खोलीत बसतात. रिकामा ट्रक काट्यावर येतो, त्याचं वजन घ्यायचं. माल भरून परत येतो, पुन्हा वजन. निव्वळ वजन काढून गेटपास छापायचा, कार्बनवाल्या कागदावर चार प्रती. हे सगळं काळ्या स्क्रीनवरच्या, डॉसच्या काळातल्या एका फॉक्सप्रोच्या प्रोग्रॅमवर चालायचं. एका इंजिनिअरिंगच्या पोराने नव्वदच्या दशकाच्या अखेरीला तो लिहून दिला होता, पोरगा पुढे परदेशी गेला, प्रोग्रॅम राहिला. काट्याची वायर मागच्या नऊ पिनांच्या सिरियल पोर्टात, प्रिंटर जाड्या पॅरलल केबलवर. 2017 मध्ये नवीन कॉम्प्युटर घेताना या खोलीसाठी मी मुद्दाम दोन्ही पोर्ट असलेलं मॉडेल मागवलं आणि त्यात 32-बिट विंडोज 10 टाकलं. डॉसच्या काळातले 16-बिटचे प्रोग्रॅम 64-बिटच्या विंडोजवर चालतच नाहीत, आणि विंडोज 11 ची 32-बिट आवृत्ती निघालीच नाही. म्हणजे काकांच्या प्रोग्रॅमसाठी विंडोज 10 हे शेवटचं घर होतं, हे मला 2021 मध्ये, विंडोज 11 आलं तेव्हाच कळलं होतं. चार वर्षं मी ते मनात ठेवून होते.

काकांना काम करताना तुम्ही पाहायला हवं होतं. नजर खिडकीबाहेर, ट्रकच्या नंबर प्लेटवर, बोटं कीबोर्डवर. एफ-टू, मग 40 टाकलं की एमएच 40 आपोआप यायचं, 31 टाकलं की एमएच 31. नंबर, एंटर, पार्टीचा कोड, एंटर, एंटर, मालाचा कोड, एफ-दहा. स्क्रीनकडे ते पाहायचेच नाहीत. वजन आलं की काटा एक बारीक 'टिक' करायचा, त्या आवाजावर त्यांची करंगळी एंटरवर पडायची. 40 सेकंदांत गेटपास. अडीचशे पार्ट्यांचे कोड पाठ, कुठल्या ड्रायव्हरचा ट्रक रिकामा किती भरतो तेही पाठ. एकदा एका ट्रकचं रिकामं वजन नेहमीपेक्षा 60 किलो कमी आलं तर काका उठून बाहेर गेले आणि स्टेपनी नाही हे दाखवून आले. पार्टीचं पुढचं भांडण तिथेच टळलं. हे शहाणपण प्रोग्रॅममध्ये कुठेच लिहिलेलं नव्हतं. पण त्या प्रोग्रॅमने काकांची नजर मोकळी ठेवली होती म्हणून ते शक्य होतं.

नवीन सॉफ्टवेअर ब्राउझरमध्ये चालतं. काटा, डिस्पॅच, बिल, ई-वे बिल, सगळं एकाच ठिकाणी जोडलेलं, आणि मालकांच्या दृष्टीने ते योग्यच आहे. आधी तोच आकडा तीन ठिकाणी तीनदा टाकावा लागे, चुका होत. ते सॉफ्टवेअर वाईट आहे असं मी म्हणणार नाही. पण त्यात सगळं माउसने. पार्टी निवडायला यादी उघडायची, खाली सरकत जायचं, नावावर क्लिक करायचं, मग ते गोल फिरणारं चक्र थांबेपर्यंत वाट पाहायची. मी मोजलं, एका गेटपासला 14 क्लिक. कोटेशनमध्ये सर्व्हरची किंमत होती, लायसन्सची होती, वार्षिक देखभालीची होती, आणि शेवटून दुसरी ओळ होती : 'वापरकर्ता प्रशिक्षण : 1 दिवस, समाविष्ट.'

26 वर्षांच्या बोटांसाठी एक दिवस. ती ओळ मी सहीच्या आधी दोनदा वाचली होती आणि तरी तिच्यावरून पुढे गेले होते. भावताव झाला तो लायसन्सच्या संख्येवर.

पहिल्या आठवड्यात एका गेटपासला चार मिनिटं लागायची. दुपारी तीन ते पाच ही आमची गाड्या सुटायची वेळ, आणि ट्रकांची रांग गेटबाहेर रस्त्यापर्यंत गेली. हॉर्न वाजत होते. काकांची नजर आता स्क्रीनवर खिळलेली, खिडकीकडे पाठ. माउस धरलेला हात ताठ, खांदा वर चढलेला, आणि डावा हात, जो आयुष्यभर एफ-टूवर असायचा, तो मांडीवर नुसताच पडलेला. एक तरुण ड्रायव्हर खिडकीशी येऊन म्हणाला, "काय काका, नवीन लागले का कामाले?" तो पोरगा थट्टेने बोलला, त्याला माहीत नव्हतं. काकांनी वर पाहिलंही नाही. मी त्यांच्या मागे उभी होते, मला त्यांचे कान लाल झालेले दिसले.

गाड्या गेल्यावर चहा आला तेव्हा ते म्हणाले, "ताई, मले रिटायर व्हायले सव्वा वर्ष राह्यलं. तेवढं झाल्यावर बदललं असतं तर नसतं का जमलं?"

"तारीख आपल्या हातात नव्हती काका."

"मंग कोणाच्या हातात हाये?"

त्यांनी हा प्रश्न रागाने विचारला नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. कारखान्यात त्यांना जे काही आडवं आलं, त्यामागे एक माणूस असायचा, ज्याच्या केबिनमध्ये जाऊन उभं राहता येतं. युनियनचा असो, मालकाचा असो, आरटीओचा असो. या वेळी कोणाच्या दारात जायचं ते मी त्यांना सांगू शकले नाही.

हे मी पहिल्यांदा पाहत नव्हते, म्हणून जास्त लागलं. 8 एप्रिल 2014 ला विंडोज एक्सपीचा सपोर्ट संपला, तेव्हा आमच्या एचआरमध्ये एक बाई होत्या. नागपूरच्या महाल भागातल्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या, मराठी 40 शब्दांची सरकारी परीक्षा पास. त्यांच्या मराठी टायपिंगच्या पॅकेजला पॅरलल पोर्टात लावायचं एक कुलूप होतं, अंगठ्याएवढं. नव्या कॉम्प्युटरला तो पोर्ट नव्हता आणि पॅकेज बनवणाऱ्यांनी ते कधीच बंद केलं होतं. बाईंनी दिवाळी बोनसची जुनी नोटीस नव्या मशीनवर उघडली तर पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरं. 'नागपूर' या शब्दाच्या जागी यू, के, एक्स, आय, डब्ल्यू, जे. जुन्या फॉण्टमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्याच जागी बसवलेली असत; यू-च्या जागी 'न', के-च्या जागी काना. फॉण्ट गेला की मुखवटा उतरायचा आणि खालची इंग्रजी उघडी पडायची. बाईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. बारा वर्षांच्या नोटिसा, स्थायी आदेश, कामगारांशी झालेले करार, सगळं तसंच.

फॉण्ट मी शोधून टाकला, वाचण्याची सोय झाली. पण टाइप करायचं तर युनिकोडमध्ये, म्हणजे मराठी अक्षरांना स्वतःची जागा देणाऱ्या पद्धतीत, आणि विंडोजमधला मराठी कीबोर्ड इन्स्क्रिप्ट मांडणीचा. बाईंची बोटं टाइपरायटरच्या रेमिंग्टन मांडणीची. जिथे 'क' असायचा तिथे आता दुसरंच काही. चाळिशीच्या पुढे गेलेल्या त्या बाई सहा महिने जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून एकेक ओळ पुन्हा शिकल्या, आणि सगळ्या नोटिसा स्वतः नव्याने टाइप केल्या. युनिकोड आलं हे मराठीसाठी फार मोठं झालं, त्याच्याशिवाय आज मी हे लिहिलं नसतं आणि तुम्ही तुमच्या फोनवर वाचलं नसतं. त्या सहा महिन्यांची नोंद मात्र कुठल्याही फाइलमध्ये नाही. त्यांच्या त्या वर्षीच्या अप्रेझलमध्ये 'कामाचा वेग कमी' असा शेरा होता, आणि तो मी वाचला आहे.

मग विंडोज 7, त्याचा शेवट 14 जानेवारी 2020 ला. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. घाईत केलं, दोन महिन्यांनी लॉकडाउन लागला आणि सगळं विसरून गेलो.

बदलूच नये असं माझं म्हणणं नाही. 12 मे 2017 ला, शुक्रवारी, वॉनाक्राय नावाचा खंडणी मागणारा व्हायरस पसरला. ब्रिटनमधल्या इस्पितळांचे कॉम्प्युटर बंद पडले, ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. ज्या भोकातून तो शिरला त्याचा पॅच मार्चमध्येच आला होता. आमच्याकडे तो सगळीकडे टाकलेला नव्हता, आणि तो दोष माझा होता. शनिवारी सकाळी सातला मी कारखान्यात गेले, सगळ्या नेटवर्कच्या वायरी ओढून काढल्या आणि रात्री अकरापर्यंत एकेका मशीनवर पेन ड्राइव्हने पॅच टाकत फिरले. बाहेर लू सुटली होती, आत कूलरमधलं पाणी संपलेलं. आम्ही वाचलो. त्या दिवसापासून मी पॅचच्या बाबतीत कोणाचं ऐकत नाही. म्हणूनच 47 मशिनींच्या यादीवर पहिली सही माझीच होती.

साहेबांसमोर बसलो तेव्हा आकडे असे होते. नवा कॉम्प्युटर साधारण 48 हजारांचा. 47 घ्यायचे तर साडेबावीस लाख, वर 18 टक्के जीएसटी. दुसरा मार्ग, पैसे भरून वाढीव सुरक्षा अपडेट घेणं. कंपन्यांसाठी त्याचा दर एका मशीनला पहिल्या वर्षी 61 डॉलर, दुसऱ्या वर्षी दुप्पट, तिसऱ्या वर्षी त्याच्याही दुप्पट, आणि त्यानंतर तेही बंद. आमच्या चार्टर्ड अकाउंटंटांचं म्हणणं होतं की पुस्तकात या मशिनींचं काहीच उरलेलं नाही, मग अडचण कसली. खरं आहे. कंपनी कायद्यात कॉम्प्युटरचं आयुष्य तीन वर्षं धरलंय, आणि आयकरात घसारा वर्षाला 40 टक्के. 2017 मध्ये घेतलेल्या मशीनच्या 100 रुपयांतले आठ वर्षांनी दोन रुपयेही उरत नाहीत. त्या हिशोबात काकांचा कॉम्प्युटर कधीच मरून गेला होता. शेवटी ठरलं, 30 नवे घ्यायचे, 17 वर एक वर्षाचे वाढीव अपडेट. कोणते 30, हे मी ठरवलं. काकांचा त्यात घ्यावा लागला, कारण नवं सॉफ्टवेअर तिथूनच सुरू होणार होतं.

निघालेल्या 30 पैकी चार मी मागून घेतले. साहेबांनी नाही म्हटलं नाही. त्यात नव्या डिस्क टाकल्या, विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली टाकली, आणि हिंगण्यापलीकडच्या एका गावातल्या अभ्यासिकेत नेऊन लावले. तिथे पोरं पोलीस भरतीचे आणि तलाठ्याच्या परीक्षेचे जुने पेपर सोडवतात. जानेवारीत एकाने फोन केला होता, प्रिंटर कसा जोडायचा ते विचारायला. मशीन हळू चालते का, म्हटलं. "नाई मॅडम, मस्त पळते."

बाकी 26. कंपनीचा डेटा बाहेर जाऊ नये म्हणून त्यांच्या डिस्क काढून टूलरूममध्ये नेल्या. ज्या मिस्त्रींनी मला 'बिघडलं काय' विचारलं होतं, त्यांच्याच ड्रिलिंग मशीनवर. व्हाइसमध्ये एकेक एसएसडी धरायची, वरचं झाकण उघडून चिपची जागा बघायची, तिथे आठ मिलिमीटरचं भोक. हिरव्या पट्टीचा भुसा पांढऱ्या ट्रेमध्ये पडत होता. मिस्त्री प्रत्येक भोकाआधी ड्रिल थांबवून माझ्याकडे पाहायचे, मी मान हलवायचे. 26 वेळा. मग त्यांनी ब्रशने व्हाइस साफ केली आणि भुसा कागदाच्या पुडीत बांधून माझ्याकडे दिला, की हाही त्याच्यातच जाऊ द्या.

गेटवर एक भंगारवाला दोन महिन्यांपासून चकरा मारत होता, नोंदणी असलेल्या रिसायकलरपेक्षा जास्त भाव देत होता. त्याला दिलं नाही. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांत ते बसत नाही, हे एक. आणि त्याच्याकडे पुढे काय होतं ते मला माहीत आहे. तांब्यासाठी वायरी जाळतात, बोर्डातल्या सोन्यासाठी ॲसिड वापरतात, आणि ते करणारे हात अनेकदा लहान असतात.

रिसायकलरची गाडी जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात आली. छोटा हत्ती, एमएच 49. नियमाप्रमाणे आधी रिकामी गाडी काट्यावर, मग माल भरून पुन्हा. पोरांनी कॅबिनेट रचायला सुरुवात केली. काका खिडकीतून पाहत होते. एवढ्या दिवसांत त्यांचा हात थोडा बसला होता. मी पाठीमागे लागून सॉफ्टवेअरवाल्यांकडून पार्टीच्या नावासाठी कोड टाकायची सोय करून घेतली होती, आणि कीबोर्डच्या वर काकांनी एक कागद चिकटवला होता, त्यावर त्यांच्या वळणदार अक्षरात कुठल्या बटणाने काय होतं ते लिहिलेलं. नव्या कॉम्प्युटरात कार्ड टाकून मी जुना प्रिंटर जोडून दिला होता, तेवढा एक ओळखीचा आवाज खोलीत राहिला होता.

काका उठून बाहेर गेले. गाडीच्या फाळक्याशी उभे राहून त्यांनी रचलेल्या कॅबिनेटांवरून नजर फिरवली आणि एकावर थांबले. त्यांचाच तो, बाजूला 'डिस्पॅच 1' असं माझ्या हातचं लेबल. पॉवरच्या बटणावर कुंकू अजून होतं, वाळून काळपट झालेलं. झेंडूची एक पाकळी फटीत अडकली होती. त्यांनी ती काढली नाही. आत येऊन बसले.

भरलेली गाडी काट्यावर आली. 230 किलो. काकांनी पार्टीचा कोड टाकला, मालाच्या जागी 'ई-कचरा' निवडला आणि थांबले. पुढच्या रकान्यात दोन पर्याय होते, रिटर्नेबल आणि नॉन-रिटर्नेबल.

"ताई," माउसवरचा हात न हलवता ते म्हणाले, "हे नॉन-रिटर्नेबलच नं?"

"हो काका."

त्यांनी क्लिक केलं. प्रिंटर करकरत पुढे-मागे गेला, चार प्रती बाहेर आल्या. काकांनी त्या ओळीवर फाडल्या, पांढरी ड्रायव्हरला दिली, गुलाबी गेटच्या खिळ्याला टोचली, पिवळी अकाउंट्सच्या ट्रेमध्ये ठेवली. चौथी, निळी, आमच्याकडे राहणारी. ती त्यांनी माझ्यासमोर सरकवली आणि सहीसाठी पेन उघडून दिलं.